निरोगी माणसांतला एक फोटो

आजवर कोणाला सांगितलं नाही: एका डॉक्टरांनी निरोगी म्हणून मोजलेल्या पाठींमध्ये एक पाठ माझी आहे, आणि ती तेव्हाही निरोगी नव्हती.

आमची रापण. किनाऱ्यावरून जाळं ओढायचं, मागे रेलत, पावलं उलटी टाकत. ज्याची पाठ धरते त्याला दोरावरून उठवून मासळी वेचायला बसवतात. वाईट कोणी बोलत नाही, पण दोर पुन्हा हातात देत नाही. माझी पाठ धरू लागली होती. डावा पाय कधीकधी माझा नसल्यासारखा व्हायचा.

त्याच सुमारास ओरोसच्या त्या डॉक्टरांनी आम्हाला बोलावलं. पाठ न दुखणाऱ्या माणसांचा कणा आणि कमरेची हाडं उभ्याने किती कललेली असतात, हे त्यांना मोजायचं होतं. पुढे दुखणाईत आला की त्याचा फोटो कशाशी ताडायचा, त्यासाठी. सगळ्यांसमोरच त्यांनी विचारलं, "कोणाची पाठ दुखते?"

"दुखणारो रापणीत कित्याक येयत, साहेब?" आमचा म्होरक्या म्हणाला. सगळे हसले. मीही.

एक्स-रेच्या खोलीत यंत्राकडे कूस करून उभं केलं, मुठी खांद्यावर. वाटलं, आता दुखणंच फोटोत दिसणार. पुढे वाकतो ते लपवायला मी कुल्ले आत ओढले, गुडघे जरा मुडपले.

"गुडघे सरळ," डॉक्टर म्हणाले. ते सरळ केले. कुल्ले तसेच ठेवले.

फोटो बघून ते म्हणाले, "मानेपासून ओळंबा सोडला तर नीट खाली येतोय. कंबर मात्र बरीच मागे कललीय. दुखत नाही ना?"

"नाय."

"मग हेही निरोगीच. माणसामाणसात फरक असतो."

यंदा माझ्या धाकट्या चुलतभावाचा पाय बधिर व्हायला लागला. दोराला तो माझ्या पुढ्यात असतो. "दादा, माझ्यावांगडा चल," म्हणाला. गेलो. त्याच डॉक्टरांनी मला ओळखलं नाही. त्याचा फोटो बघून म्हणाले, "कंबर मागे आहे खरी. पण तुमच्याच रापणीतल्या एका धडधाकट माणसाची अशीच आहे. ठेवणच तशी असेल. ओढा खुशाल."

मी फोटो पाकिटात घालून भावाच्या हातात दिला.

बाहेर आल्यावर तो खुशीत. "मी उगाच भियालंय! तो गडी कोण आसा रे? त्येका चाय पाजूक होयी."

परवा दोर ताणलेला असताना त्याचा पाय गेला. लाटेने त्याला ओढून नेलं. मी कॉलर धरून खेचला तेव्हा तो खारं पाणी थुंकत हसत होता. "वाळू सरकली, दादा."

वाळू सरकली नव्हती. मीसुद्धा पडल्यावर हेच सांगत आलोय. आता सकाळी मी जाळ्याकडे बघतच नाही, त्याच्या पायाकडे बघतो. एखाद्या दिवशी कॉलर हाताला लागली नाही तर?

तो फोटो माझा आहे आणि तेव्हा माझी पाठ दुखत होती, हे त्याला सांगायचं राहिलंय. डॉक्टरांनाही सांगायचंय, की मला निरोगी माणसांतून काढा आणि त्याला पुन्हा तपासा. एवढं मी त्याचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.