शकीलाआपांच्या पांढऱ्या उंदीरणी

शकीलाआपांच्या भाच्याचा, इरफानचा फोन आला तेव्हा मी अकरावीचे पेपर तपासत होते. "मॅडम, आमची फुफी गेली," तो म्हणाला. जाऊन दोन दिवस झाले होते. दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या छातीत कळ आली, इंदापूरच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं, संध्याकाळी दफनही झालं. कुणाला कळवायचं ते सुचलंच नाही, म्हणाला. मग खालच्या आवाजात विचारलं, "तिच्या खोलीला कुलूप हाय, मॅडम. आत ती उंदरं हायती... त्यांचं काय करायचं?"

शकीलाआपा बारामतीत आमच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र प्रयोगशाळेत मदतनीस होत्या. प्रयोगांसाठी पांढरे उंदीर ठेवायची मागची खोली त्यांच्याकडं होती. दोन वर्षांपूर्वी ते प्रयोग बंद झाले. खोली रिकामी करायची ठरली, तेव्हा उरलेल्या उंदरांचं काय होणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण तोंडानं कुणी बोलत नव्हतं. महिन्याभराच्या पाच माद्या होत्या. निवृत्तीच्या दिवशी आपांनी त्या टोपलीत घातल्या आणि माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "दोन तुमी घ्या, मॅडम. एकटं देत न्हाय मी. एकटं उंदीर झुरून मरतं." मी हो का म्हणाले, ते आजही सांगता येत नाही. मी कोऱ्हाळे बुद्रुकच्या उसातली मुलगी. माझ्या वडिलांनी ऐकलं तेव्हा ते फक्त एवढंच म्हणाले, "आमी शेतात औषध घालून मारायचं, आन् तू घरात आणून पोसतीस व्हय?"

एकीचं नाव रेवडी ठेवलं, दुसरीचं बत्ताशी. पहिला आठवडा मी त्यांना घाबरूनच काढला. मी खोलीत आले की दोघी मागच्या पायांवर उभ्या राहायच्या आणि लाल डोळे माझ्यावर रोखून डोकं डावीकडून उजवीकडं डोलवत राहायच्या, सावकाश, एका लयीत. का, ते मला पुस्तकातून माहीत होतं. त्यांना अंधुक दिसतं, अंतराचा अंदाज घ्यायला त्या डोलतात. पण घरात एकटीनं ते बघताना पुस्तक आठवत नाही. आणि एका सकाळी बघते तो बत्ताशीच्या डोळ्यांतून रक्त ओघळलेलं. मी आपांना फोन लावला.

"रगात न्हाय ते," त्या शांतपणे म्हणाल्या. "त्यांच्या डोळ्याचं पाणीच लाल असतंय. जीव घाबरला, नायतर आजारी पडला, की गळतंय. जागा बदलली म्हणून रडती ती."

त्या रविवारी इंदापूरहून, भाच्याच्या घरून, शेळगाव, सणसर करत एसटीनं त्या बारामतीला आल्या आणि मग महिन्यातून एकदा येतच राहिल्या. लाकडाचा भुसा काढायला लावून कागदाच्या पट्ट्या घालायला शिकवलं, भुशानं छाती बिघडते म्हणून. उंदराला अंगानं घाम येत नाही, तो शेपटीनं गार होतो, म्हणून उन्हाळ्यात फरशीचा तुकडा फ्रीजमध्ये ठेवून पिंजऱ्यात सरकवायचा. पाठीला कान लावून श्वास ऐकायचा. आत कबुतर घुमल्यासारखं वाजलं तर लगेच डॉक्टर. त्यांनी पाठीवरून बोट फिरवलं की रेवडी अंग सपाट करून दात घासायची, जातं फिरावं तशी बारीक घरघर यायची, आणि त्या तालावर तिचे डोळे खोबणीतून आत-बाहेर थरथरायचे. "खूश झालीय," आपा म्हणायच्या. माझ्या बोटाखाली तिनं असे दात कधीच घासले नाहीत.

गेल्या हिवाळ्यात बत्ताशी गेली. मी तिला पुठ्ठ्याच्या डब्यात गुंडाळून ठेवलं होतं. आपा आल्या, डबा उघडला आणि तिला परत पिंजऱ्यात ठेवलं. मला ते बघवेना. "दाखवायला लागतं, मॅडम. न्हाय दाखवलं तर हुडकीत बसती." रेवडीनं तिचं तोंड चाटलं, पंजे चाटले, मग कागदाच्या पट्ट्या एकेक आणून तिच्या अंगावर घातल्या. सगळं अंग झाकलं गेल्यावर ती दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन बसली... एकटी ठेवायची नाही म्हणून आपा तिला त्याच दिवशी इंदापूरला घेऊन गेल्या. आमची ती शेवटची भेट.

फोननंतर मी तशीच इंदापूरला गेले. इरफाननं माझ्यासमोर आपांच्या खोलीचं कुलूप काढलं. पिंजऱ्यात आपांच्या तीन आणि रेवडी, चारी उंदीरणी दिसेनात. एक निळं कापड तेवढं आत गोळा होऊन पडलं होतं आणि ते हलत होतं. आपांची ओढणी होती ती, अख्खी, गजांमधून आत ओढून घेतलेली. तिच्या घड्यांतून रेवडीनं तोंड बाहेर काढलं. डोळ्यांभोवती सुकलेली लाल रेघ होती.

"ओढणी खुर्चीवर व्हती," इरफान म्हणाला. "खुर्ची खिडकीपाशी. मीच ठिवली, मग कुलूप लावलं."

खुर्ची पिंजऱ्याला टेकून होती. उंदीर कापड ओढतात, हे मीच शिकवते. खुर्चीचं म्हणाल तर दुःखात माणसाला नीट आठवत नाही, असं मी त्याला म्हणाले. त्यानं मान हलवली, पण खोलीच्या आत पाऊल टाकलं नाही. त्याच्या टेम्पोतून पिंजरा बारामतीला आणला. निघताना त्यानं खुर्चीही चढवली. "ही बी असू द्या तुमच्याकडं. रोज चारला फुफी हिच्यावरच बसायची उंदरांपाशी, आता घरात कुणी बसंना."

पहिले दहा दिवस चौघींनी धड खाल्लं नाही. चौघींचे डोळे लाल पाण्यानं माखलेले. मी पुसायची, मोड आलेले मूग हातावर धरायची, त्या वास घेऊन मागं सरायच्या. दुपारी चारच्या सुमाराला चौघी उभ्या राहून दाराकडं तोंड करून डोलायच्या. त्यांना दाखवायला माझ्याकडं काही नव्हतं. मी स्वतःही आपांना पाहिलं नव्हतं.

मग एक दिवस कॉलेजातून लवकर आले. चपला काढताना आतून घरघर ऐकू आली, चौघींची एकदम. दार अर्धं उघडं होतं. चौघी गजांपाशी ओळीनं सपाट झाल्या होत्या, डोळे थरथरत होते, आणि रेवडीच्या पाठीवरची लव मानेकडून शेपटीकडं हळूहळू दबत जात होती. समोर खुर्ची होती. रिकामी. पंखा बंद होता. मी उंबऱ्यावरच थांबले, किती वेळ ते माहीत नाही. भीती नंतर वाटली, स्वयंपाकघरात, पाणी पिताना.

त्या दिवशी त्यांनी मूग खाल्ले. डोळे स्वच्छ झाले ते आजतागायत.

हे कुणाला सांगितलं नव्हतं. वडिलांनाही नाही. मी विज्ञान शिकवते, आणि जे पाहिलं त्याला माझ्याजवळ नाव नाही. मी फक्त खुर्ची हलवत नाही, तिच्यावर कपडे टाकत नाही. आणि दुपारी त्या खोलीत जायचं असलं की माझ्याच घरात मी दार वाजवते. आतली घरघर हळूहळू थांबते... मग थोडी वाट बघून मी आत जाते.