लांडग्यांच्या घरी इल्वा

रोहनचा, माझ्या धाकट्या भावाचा, अबू धाबीहून फोन आला. "ताई, बारशाला ये. नाव आत्यानेच ठेवायचं असतं ना?" झालं! मी त्याच दिवशी आमच्या सांगलीच्या सराफाकडून चांदीच्या वाटीवर 'शर्वरी' कोरून घेतलं. आत्याचा हक्क म्हणजे हक्क.

विमान दुबईपर्यंत. भाऊ राहतो अबू धाबीच्या मोहम्मद बिन झायद सिटीत, तिकडे जायला शेजारच्या मुसाफाची बस सोपी. पंचवीस दिरहम, म्हणजे साधारण सहाशे रुपये. तिथल्या बसचं कार्ड मिळतं, त्यात पैसे आधी भरून ठेवा. मी नोट पुढे केली तर ड्रायव्हर ओरडला, "नो कॅश, मॅडम! यल्ला, यल्ला!" म्हणजे चला, आटपा! आणि शाल विसरू नका. बाहेर भट्टी असली तरी बसमध्ये दात वाजतात.

घरी पोचले. पाळण्यातलं ते गाठोडं बघून विरघळलेच मी! कौतुकाने वाटी काढली, तर रोहनचा चेहरा पडला.

"अगं, तू फक्त कानात सांगायचं. नाव एम्माने शोधलंय. इल्वा."

एम्मा माझी भावजय, स्वीडनची. तिने शिकवलं, "ताई, शीळ घालायला करतो तसे ओठ करून 'ई' म्हणा." मी केले. सहा वर्षांची मीरा, म्हणजे थोरली, हसून लोळली.

"बरं. अर्थ काय?"

"लांडगी," रोहन पुटपुटला.

आमचं आडनाव लांडगे! "डोकं फिरलंय का तुमचं?" मी कडाडलेच. शाळेत हजेरीला माझं नाव आलं की मागच्या बाकांवरून "आऊऊऊ" सुरू व्हायचं. लग्नात सगळे रडत होते, मी मात्र आडनाव सुटलं म्हणून खूश होते. आता या पोरीच्या नशिबी दुप्पट?

"आत्या, वुल्व्ज आर सो कूल!"

"तू गप्प बस."

एम्मा शांतपणे इंग्रजीत सांगू लागली. 'उल्व' हा लांडग्यासाठी त्यांच्याकडचा जुना शब्द. रोजच्या बोलण्यात आता दुसराच शब्द आहे, हा नावांतच उरलाय. मुलगा असला तर उल्फ, मुलगी असली तर इल्वा. पूर्वी पोरं धीट व्हावीत म्हणून अशी नावं ठेवायचे. "रोहनने आडनावाचा अर्थ सांगितला, तेव्हाच मला इतकं आवडलं! म्हणून हे नाव शोधलं. पण ताई, तुम्हाला नको असेल तर शर्वरी. हक्क तुमचा."

आमचं आडनाव कुणाला आवडू शकतं, हे मला पन्नाशीत कळलं. डोळे भरून आले हो!

शुक्रवारी बारसं झालं. घुगऱ्यांसाठी हरभरे खालच्या दुकानात मिळाले, पाळणा म्हणायला शेजारच्या मराठी बायका आल्या. मी वाकले, शीळ घालायला करतात तसे ओठ केले आणि म्हणाले, "इल्वा." पाठीत धपाटे पडले, "कुर्रर्र!" तेवढ्यात मीराने गळा काढला, "आऊऊऊ!" सगळ्या चपापल्या. मग काय, मीही सूर लावला.

सांगलीत परत आल्यावर वाटी घेऊन सराफाकडे गेले. 'शर्वरी' घासून काढायला लावलं, 'इल्वा' लिहून दिलं.

"आडनाव घालायचं का, ताई?" त्याने विचारलं.

"घाल की! चांगलं ठळक घाल."