कडंनं जाणारे मास्तर

"कडंनं जाऊया की, सर!" असं म्हणून आमचे ड्रॉइंग मास्तर धोतराचा सोगा उचलत आणि भर रस्ता सोडून गटाराच्या काठाने चालू लागत. तांबडा रस्सासुद्धा ते वाटीच्या कडेकडेने ओरपायचे. त्याच शाळेत मी गणित शिकवायचो. पोरं मला बघून पळायची आणि मास्तरांच्या मागे हिंडायची. माझ्या पोटात दुखायचं. तुमच्याही दुखलं असतं.

बुद्धिबळातही त्यांची तीच तऱ्हा. तुम्ही-आम्ही राजापुढचं नाहीतर वजिरापुढचं प्यादं सरकवून सुरुवात करतो. मास्तर मात्र कडेजवळच्या घोड्यापुढचं प्यादं ढकलत. मी पुस्तकं मागवून डाव पाठ करायचो, तरी ते प्यादं मला घाम फोडायचं.

पन्नास सालानंतर कधीतरी गावात नव्या विलायती नियमांची स्पर्धा भरली. शेवटचा डाव आम्हा दोघांचाच. एकदा, फक्त एकदा, मास्तरांच्या वर माझं नाव लागावं, एवढंच मला हवं होतं.

मास्तरांनी तेच प्यादं ढकललं आणि बघता बघता ते शेवटच्या घरात पोचलं. आता त्याचा वजीर केला की मी संपलो.

"घोडा," मास्तर म्हणाले.

पंच चपापले. "मास्तर, वजीर घ्या की! नियम बदलल्यात."

"ठावं हाय. पर प्यादं घोड्याच्या घरात गेलंय न्हवं? मग घोडाच व्हणार. आमच्या आण्णांनी तसंच शिकवलंय."

आपल्या जुन्या देशी खेळात तसाच रिवाज होता. तो घोडा मी कोंडून मारला आणि डाव जिंकला. पण लोक मास्तरांना उचलून मिसळ खायला घेऊन गेले. मी कप सायकलला अडकवून एकटाच घरी आलो. इतका जळफळाट हरलो असतो तरी झाला नसता.

मास्तर जाऊन बरीच वर्षं झाली. त्या साली काढलेला फोटो शाळेत अजून आहे. मधोमध मी, हातात कप. मास्तर अगदी कडेला, निम्मा खांदा चौकटीबाहेर. परवा तिथे दोन माजी विद्यार्थी उभे होते, दोघांचेही केस पांढरे झालेले.

"ह्ये बघ, आपलं मास्तर!" एकाने कडेला बोट टेकवलं. दुसऱ्याने डोळे पुसले आणि विचारलं, "आन् मधी कप घेऊन कोण हाय रं?"

मी मागेच उभा होतो. त्या फोटोत मीही आधी कडेलाच बघतो.