पडद्याआडून आलेलं वाक्य

सकाळी पोहे परतत होते. बाळकुममधल्या आमच्या फ्लॅटमध्ये राहायला आलेली भाची हॉलमध्ये पाठ करत होती, "अँड, बट, ऑर, सो." कढीपत्त्याच्या वासात ते शब्द मिसळले आणि मला मोहने गावातली माझ्या माहेरची चाळीतली खोली आठवली.

लग्नाआधी तिथे मला बघायला पाहुणे आले होते. मुलाला इंग्रजी बोलणारी बायको हवी होती, म्हणून मी आठवडाभर 'अँड', 'बट' लावून वाक्यं जोडायचा मोठ्याने सराव केला होता.

"बोल गं काहीतरी इंग्रजीत," मुलाची आत्या म्हणाली.

"आय लाइक कुकिंग," एवढं म्हटलं आणि पुढचं विसरले. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या पडद्याआडून आईचा आवाज आला, "बट आय ऑल्सो वाँट टू वर्क." शेंगदाणे भाजता भाजता माझं ऐकून तिला ते पाठ झालं होतं.

सगळे हसले. "मग आईलाच बघायला हवं होतं," आत्या म्हणाली. माझी मान वर होईना.

पाहुणे गेल्यावर बशा विसळताना आईने हळूच विचारलं, "बरोबर होतं ना गं?"

मी साडी बदलायला गेले. तेव्हा मला तिची लाज वाटली होती. वाक्य अगदी बरोबर होतं. मी तिला नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी पुरलं असतं.