पहिलं बक्षीस गोदावरीबाईंना

हसायचं तर खुशाल हसा, पण आधी चहाचा कप खाली ठेवा. माझी अशी काही फजिती झाली आहे की आष्टीतल्या बाया अजून मला बघितलं की तोंडाला पदर लावतात.

नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. मी आष्टीच्या शाळेत मास्तर, आणि माझ्या मते गावातला एकमेव स्त्रीमुक्तीवाला पुरुष! महिला मंडळानं वाकळा शिवायची स्पर्धा ठेवली. परीक्षक कोण? अर्थात मीच. नियमही मीच घातला, "वाकळेला चिठ्ठी लावताना नवऱ्याचं नाव नको, बापाचं नको. फक्त स्वतःचं नाव लिहा."

बायांनी टाळ्या वाजवल्या. मी आठवडाभर हवेत होतो.

स्पर्धेच्या दिवशी शाळेच्या पटांगणात दोऱ्यांवर वाकळा टांगल्या होत्या. एकीपुढे माझे पाय थांबलेच. ठिगळांतून अख्खं चित्र उभं केलेलं! बाया वाकून कापूस वेचताहेत, आणि कोपऱ्यात एक पुरुष खुर्चीवर पेपर उघडून बसलाय. पेपरामागे त्याचं तोंड दिसतच नाही. चिठ्ठीवर नाव होतं, गोदावरी.

माईक माझ्या हातात. मी सोडतो काय?

"पाहा! या कलाकार बाईनं पुरुषाला चेहराच दिला नाही. का द्यावा? त्यानं तरी हिच्या कामाकडं कधी पाहिलं असेल का?"

पुढच्या रांगेत खुसखुस झाली. मला वाटलं, मुद्दा पोचला. मग काय विचारता, मी आणखी चढलो.

"पहिलं बक्षीस गोदावरीबाईंना! आणि त्यांचे यजमान इथं असतील तर त्यांनी उभं राहावं. सगळ्यांसमोर माफी मागावी!"

कुणी उठेना. हशा मात्र वाढला.

"लाज वाटते का? उभं राहा म्हणतो ना!"

शेवटी मंडळाच्या अध्यक्ष शांताकाकू जवळ आल्या. बोलल्या हळूच, पण माईक चालू होता.

"सर, आता बस करा. तुमी उभेच हायेत की."

आणि बायांच्या घोळक्यातून माझी बायको सुमन उठून आली.

अहो, गोदावरी हे तिचं माहेरचं नाव! लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं मी 'सुमन' लिहिलं आणि जुनं नाव साफ विसरलो. ही वाकळ ती दुपारची शांताकाकूंच्या ओसरीवर शिवत होती. त्या पेपराचं कापडसुद्धा माझ्याच जुन्या शर्टाचं.

तिनं बक्षिसाची स्टीलची घागर घेतली. या गावात तिला त्या नावानं पहिल्यांदा हाक आली होती, तीही माझ्याकडून, चुकून. खरं सांगतो, त्या क्षणी मला कुणाचं हसू ऐकू येत नव्हतं.

घरी जाताना मी विचारलं, "रागावलीस?"

"न्हाई. बरं वाटून राह्यलं. लई वर्सांनी कुणी गोदावरी म्हणलं."

माझे डोळे भरून आले. भर गल्लीत थांबलो, छाती पुढे काढली आणि जाहीर करून टाकलं, "ठरलं! उद्यापासून घरीदारी तुझं नाव गोदावरी. सुमन एकदम बंद!"

तिनं घागर या काखेतून त्या काखेत घेतली आणि शांतपणे म्हणाली, "बघा, माझं नाव परत तुमीच ठरवून राह्यले."