टेंभुर्णीची ओळ

नव्वद सालच्या आसपास जालन्याच्या आरोग्य खात्याच्या कार्यालयात बजेटचं टेबल माझ्याकडे होतं. दिवाळीच्या सुमारास पुढच्या वर्षाचे अंदाज वर पाठवायचे. ते मुंबईमार्गे दिल्लीला जात, कारण खेड्यांतल्या नर्सबाईंचे पगार केंद्राच्या पैशातून होत. आमची रीत अशी, की मागच्या वर्षीचा आकडा उचलायचा, त्यावर थोडं चढवायचं आणि मोकळं व्हायचं. जिथं खर्च झालाच नाही तिथं 'निरंक'. डोकं चालवणं हा गुन्हाच.

टेंभुर्णीच्या उपकेंद्रात दोन वर्षं नर्स नव्हती. नर्स नाही म्हणून पगार नाही, पगार नाही म्हणून खर्च नाही. तिसऱ्यांदा निरंक गेलं असतं तर पदच उडालं असतं. दिल्लीत बजेट बांधणाऱ्यांना टेंभुर्णी दिसत नाही, कागदावरची ओळ दिसते. त्यांना कशाला दोष देऊ? ओळ आम्हीच पुसत होतो.

माझी धाकटी बहीण टेंभुर्णीला दिलेली. बाळंतपणासाठी तिला जालन्याला आणताना तिचं पहिलं मूल जीपमध्येच गेलं होतं. आता तिला पुन्हा तिसरा महिना होता. मी नर्सचा पूर्ण वर्षाचा पगार मांडला.

साहेबांनी तो लाल पेनानं खोडला. "मागच्या साली खर्चा न्हाई, मंग निरंक लिव्हा."

माझं डोकंच फिरलं. फाइलवर टिपणी लिहिली: साहेबांच्या तोंडी आदेशावरून टेंभुर्णीचा पगार निरंक केला आहे, खाली सही व्हावी. ती त्यांच्यापुढं ठेवून उभी राहिले. जेवणाची सुट्टी झाली तरी हलले नाही.

"बाई, नोकरी करायची न्हाई का?" साहेब म्हणाले.

"तीच करून राह्यले, साहेब."

बऱ्याच वेळानं त्यांनी टिपणी फाडली आणि माझ्या आकड्यावर सही ठोकली.

पद वाचलं. उन्हाळ्यात नर्स आली. माझं टेबल मात्र गेलं; मला रेकॉर्ड रूममध्ये धाडलं, धूळ खायला. मला त्याचं तिळमात्र वाईट वाटलं नाही. ज्येष्ठात बहिणीला मुलगी झाली, गावातच. बाळंतपण नर्सबाईंनी केलं. बारशासाठी मी एका दिवसाची रजा मागितली. साहेबांनी ती नामंजूर केली. मी सकाळच्या एसटीनं टेंभुर्णीला गेले.