न बोललेले पाच इस्पिक

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आणि आधी हेच सांगून टाकतो — तो कप जिंकल्याचा आनंद मला अजूनही होतो. लाज वाटते, तरी होतो.

साठ सालाच्या आसपासची गोष्ट. पनवेलच्या आमच्या क्लबात मी शाळामास्तर आणि ब्रिजमधला माझा पार्टनर धर्मा पाटील, मिठागरावरचा मुकादम. वकील-डॉक्टरांत कसाबसा शिरलेला, पण पत्त्यांत सगळ्यांचा बाप. दोन रंग सारखेच लांब आले तर हुकमासाठी वरचा रंग आधी बोलायचा, हा त्याचा नेम. इस्पिक पाच, बदाम पाच? मग इस्पिक आधी. थोरल्याला आधी पंगतीत बसवायचं, म्हणायचा. मी त्याच्याकडूनच शिकलो.

फायनल उरणकरांशी, एप्रिलच्या दुपारी. दोन टेबलं, आणि दोन्हीकडे तीच पानं वाटलेली, म्हणजे नशिबाला दोष द्यायला जागा नाही. माझ्या डावीकडचे उरणचे वकील एका हाताने पंखा हलवत होते, आणि दुसऱ्या हातातली पानं हळूहळू कलत होती. अशा वेळी ‘पानं दिसतायत’ म्हणायची आमच्याकडे रीत. मी म्हणालो नाही. का? — कारण इस्पिकचा एक्का, राजा आणि आणखी दोन इस्पिक मला दिसले होते. आणि माझ्या हातात इस्पिक पाच, बदाम पाच.

मी ‘एक बदाम’ बोललो. इस्पिक हुकूम केला तर वकिलांच्या पानांपुढे बुडणार, म्हणून त्याचं नावही काढलं नाही. चार बदामांची बोली ठरली, नको ते इस्पिक मी धर्माच्या चौकटच्या पानांवर फेकले, आणि डाव झाला! दुसऱ्या टेबलावर माझीच पानं आलेला उरणकर नेमाप्रमाणे इस्पिक बोलला आणि बुडाला. कप आमचा. मला — पाप्याच्या पितराला — लोकांनी खांद्यावर घेतलं. काय छाती फुगली होती म्हणून सांगू!

कसं सुचलं, सगळे विचारत होते. आतून वाटलं, म्हणालो. धर्माच्या नेमाला लोक हसले — मीही हसलो. तो मात्र गंभीर होता.

“माजा नेमच खोटा हाय, मास्तर. कप तुमीच ठेवा.”

मी ठेवला.

त्यानंतर दोन रंगांचा हात आला की तो अडखळायचा, माझ्या तोंडाकडे बघायचा, भलतंच बोलायचा. हरायला लागला. दिवाळीनंतर क्लबात आलाच नाही. शिकलेल्यांचा खेळ आहे हा, असं कुणाला तरी म्हणाला म्हणे. मिठागर माझ्या घरापासून किती लांब? सायकलने अर्धा तास. मी गेलो नाही.

धर्मा गेला त्याला आता बरीच वर्षं झाली. कप कपाटात आहे. दसऱ्याला मी तो चिंचेने घासतो, आणि चकाकला की अजून खूश होतो.

नेम बरोबर होता. मला पानं दिसली होती.